श्वेतकेतूचे मीठ, सत्यकामाच्या गाई



भक्तजनहो, प्राथमिक शाळेतील मूल दिवसभर ‘का?’ असे विचारीत असते. वडीलधाऱ्यांना त्यात पुष्कळदा उद्धटपणा दिसतो, आणि ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ एवढ्या एका वाक्याने प्रश्न मिटविला जातो. पाठशाळाही या दोषातून सर्वस्वी मुक्त नाहीत. शास्त्राची आज्ञाच अशी आहे, हा समज मात्र खरा नव्हे. वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्यास यास्काचार्यांनी निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. पाठांतर हे विद्येचे भांडार खरे. परंतु त्याची किल्ली जिज्ञासा होय.

छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू बारा वर्षे अध्ययन करून चोविसाव्या वर्षी घरी परतला, तो विद्येचा ताठा घेऊन. पिता उद्दालकाने त्यास वडाचे फळ फोडावयास लावले, मग आतील बी फोडावयास लावले, आणि काय दिसते ते विचारले. रात्री पाण्यात टाकलेले मीठ सकाळी दिसेना. तेव्हा तेच पाणी वरून, मधून व तळातून चाखावयास सांगितले. श्वेतकेतू तरुण होता. पण हा मिठाचा प्रयोग आठ वर्षांच्या मुलासही करता येतो. दिसत नाही ते नाहीच असे नव्हे, हे त्याला स्वतःच्या जिभेने कळते. विवेकाचा आरंभ येथेच होतो.

त्याच उपनिषदात सत्यकाम जाबालाची कथा आहे. आचार्य गौतमांनी त्याच्या स्वाधीन चारशे कृश गाई केल्या. हजार झाल्यावाचून परतावयाचे नाही, असा निश्चय करून तो निघाला आणि वर्षानुवर्षे त्या राखीत राहिला. ब्रह्मोपदेशाचा पहिला पाद त्याला त्या कळपातील वृषभानेच दिला. नंतर तो गाई घेऊन आचार्यकुलात परतला. उद्यम म्हणजे नफेखोरी नव्हे. सोपविलेले दुबळे धन वाढवून परत करण्याची जबाबदारी होय.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्याचे मर्मही हेच. सूत कातणाऱ्या मुलास वजन, मोजमाप आणि हिशेब कामातूनच उमगतात.

म्हणून घरोघरी मुलाच्या हाती एक वाफा द्यावा, चार रोपे द्यावी आणि खर्चाची वही द्यावी. एखादे रोप वाळले तर रागावण्यापूर्वी ‘का वाळले असेल?’ असे त्यालाच विचारावे. ज्या घरी मुलाचा प्रश्न ऐकला जातो, त्या घरी श्रद्धा उणी होत नाही. तिला डोळे येतात.