तिघांचा कळवळा



आज ज्या अल्बमविषयी बोलणार आहे, त्याचं नाव ‘कम्पॅशन’. मराठीत याला काय म्हणावं, यावर मी बरेच दिवस अडले होते. ‘दया’ म्हणावं, तर दयेत एक माणूस वर उभा असतो आणि दुसरा खाली. ‘करुणा’ फार ग्रंथातला वाटतो. ‘सहानुभूती’ आपण शोकसभेच्या ठरावात लिहितो. अल्बम चार-पाचदा ऐकला आणि मनात आपला घरातलाच शब्द आला, कळवळा. दुसऱ्याला लागतं आणि आपल्या पोटात तुटतं, तो कळवळा. त्याचा ठाव शरीरात आहे, आणि या संगीताचाही तिथेच आहे.

पियानोवर विजय अय्यर, डबल बेसवर लिंडा मे हान ओ आणि ड्रम्सवर टायशॉन सोरी. न्यूयॉर्क शहराला लागूनच माउंट व्हर्नन नावाचं गाव आहे, तिथल्या स्टुडिओत मे २०२२ मध्ये याचं ध्वनिमुद्रण झालं. म्युनिकच्या ईसीएम कंपनीने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारात आणला. एकूण बारा रचना आहेत.

पियानो, बेस आणि ड्रम्स हे जॅझमधलं त्रिकूट फार जुनं. पूर्वी बहुतेकदा पियानोवाला बोलायचा आणि बाकीचे दोघे त्याच्या पायाखाली सतरंजी धरून उभे असायचे. ती रीत मोडणाऱ्यांत बिल इव्हान्स यांचं नाव पहिल्यांदा घ्यावं लागतं. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये ते वाजवत होते, आणि त्यांच्या बेसवादकाने, स्कॉट लफॅरोने, साथ करायचं सोडून सरळ संभाषणच सुरू केलं. त्यानंतर अकराच दिवसांनी लफॅरो मोटार अपघातात गेला. पण ते संभाषण थांबलं नाही. आजचे हे तिघे तेच पुढे चालवत आहेत.

अय्यर यांचा जन्म १९७१ सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. आईवडील तामिळ, भारतातून तिकडे गेलेले. तिसऱ्या वर्षापासून पंधरा वर्षं ते व्हायोलिन शिकले; पियानो मात्र बहुतेक आपला आपणच वाजवायला शिकले. येलला गणित आणि भौतिकशास्त्र केलं. पुढे भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करायला बर्कलीला गेले आणि ती वाट अर्ध्यावर सोडून त्याच विद्यापीठात संगीतावर प्रबंध लिहिला, १९९८ साली. त्या प्रबंधाचा गाभा मला फार महत्त्वाचा वाटतो. पश्चिम आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी संगीताकडे पाहत ते म्हणतात की लय आपल्याला नुसती कानाने आणि बुद्धीने कळत नाही, ती शरीराने कळते. आपण चालतो, श्वास घेतो, बोलतो, म्हणून आपल्याला लय कळते. ठोका घड्याळाच्या काट्यावर न पडता निमिषभर मागे पडतो, तेव्हा त्या निमिषात वाजवणाऱ्याचा हात ऐकू येतो, माणूस ऐकू येतो. हे तबल्याचा ठेका ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना पटवून द्यावं लागत नाही.

आता अल्बमकडे येते. पहिली रचना ‘कम्पॅशन’ हीच. पियानो अगदी हलक्या हाताने सुरू होतो. लय बांधलेली नाही. सोरी यांचे ड्रम्स लांबून भरती यावी तसे येतात आणि ओसरतात. दुसरी रचना ‘आर्च’. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेसमंड टुटू यांना त्यांची माणसं लाडाने ‘आर्च’ म्हणत. ते डिसेंबर २०२१ मध्ये गेले. तिसरी स्टीव्ही वंडर यांचं ‘ओव्हरजॉइड’, १९८५ सालचं गाणं, आणि त्यात २०२१ च्याच फेब्रुवारीत गेलेले पियानोवादक चिक कोरिया यांना केलेलं वंदन आहे. म्हणजे तिसऱ्या रचनेपर्यंत येता येता दोन गेलेली माणसं भेटली.

आणि मग ‘मेलस्ट्रॉम’. मेलस्ट्रॉम म्हणजे पाण्यातला मोठा भोवरा. ही रचना आणि पुढच्या ‘टेम्पेस्ट’ व ‘पॅनेजिरिक’ या दोन, अशा तिन्ही अय्यर यांनी महामारीत गेलेल्यांसाठी लिहिल्या आहेत. हे मला आधीच माहीत होतं, म्हणून मी संथ, जड, डोळे मिटून ऐकावं असं काही अपेक्षून बसले होते. सुरू झाली ती नेटाची, गरगर फिरणारी लय. डाव्या हाताचं एक आवर्तन, त्यावर उजव्या हाताचं तिरकं दुसरं, आणि खालून ड्रम्स दोघांनाही ढकलत असलेले. माझा पाय आपोआप ठेका धरू लागला. खरं सांगते, मी तो थांबवला. मेलेल्यांसाठी लिहिलेल्या संगीतावर पाय कसा हलतो, असं वाटलं.

मग मामांची आठवण झाली. माझे थोरले मामा वारकरी. गावात कुणीही गेलं की मृदंग गळ्यात अडकवून पुढे हेच. टाळ-मृदंगाच्या गजरात माणूस नदीपर्यंत पोचवायचा, ही त्यांची रीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये मामा स्वतः गेले, तेव्हा चार अनोळखी माणसं होती, पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली. टाळ नाही, मृदंग नाही. आम्ही घरातूनच हात जोडले. तेव्हापासून काहीतरी राहून गेलंय असं वाटत होतं. काय, ते ‘मेलस्ट्रॉम’ ऐकताना उमगलं. मामांच्या मागून चालायचं राहून गेलं होतं. मी पाय पुन्हा मोकळा सोडला.

जॅझला हे नवं नाही. ज्या न्यू ऑर्लीन्समध्ये हे संगीत जन्मलं, तिथे बँड स्मशानापर्यंत संथ शोकधून वाजवत जातो आणि परतताना नाचरं वाजवत येतो. अय्यर यांच्या या तीन रचनांत जाणं आणि परतणं एकाच वेळी चालू असतं. ‘टेम्पेस्ट’ अंगावर येते. ‘पॅनेजिरिक’ थांबून, एकेका नावाचा उच्चार केल्यासारखी वाजते.

सोरी यांच्याविषयी थोडं. हे ड्रम्सवाले तर आहेतच, पण मुळात रचनाकार आहेत. २०२४ चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक त्यांच्या सॅक्सोफोन आणि वाद्यवृंदासाठीच्या ‘अडाजिओ’ला मिळालं. रचनाकार ड्रम्सला बसला की काय होतं, ते इथे ऐकायला मिळतं. कधी वाजवायचं नाही हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. लिंडा ओ यांचा जन्म मलेशियाचा, त्या वाढल्या ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. त्यांच्या बेसचा प्रत्येक स्वर गोल आणि पक्का. दोघे वादळ उठवत असतात तेव्हा जमीन कुठे आहे, हे त्या सांगतात. एक कळकळीची विनंती करते: हा अल्बम मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून खर्ज येतच नाही, आणि मग लिंडा ओ ऐकूच येत नाहीत. चांगला हेडफोन लावा, नाहीतर ज्याच्याकडे मोठे स्पीकर आहेत त्याच्या घरी जा.

रॉस्को मिचेल यांची ‘नोना’ ही आठवी रचना. मिचेल हे शिकागोचे सॅक्सोफोनवादक. १९७६ साली स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊ इथे गोंगाट करणाऱ्या श्रोत्यांपुढे ते एकटे उभे राहिले आणि याच रचनेचा टोकदार तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, सभा ताब्यात येईपर्यंत. अय्यर तरुणपणी त्यांच्या पथकात वाजवत असत. या अल्बममध्ये ती अगदी थोडक्यात येते. माझ्या कानाला ती अजून खडबडीत लागते. पण पुढच्या मऊ रचनांआधी तो खडबडीतपणा हवा आहे, असंही वाटतं.

‘व्हेअर आय ॲम’, ‘घोस्ट्रुमेंटल’ आणि ‘इट गोज’ या तीन रचना शिकागोच्या कवयित्री ईव्ह यूइंग यांच्या कवितेवरून सुचलेल्या आहेत. यातली ‘इट गोज’ मला सगळ्यात जवळची. तिच्यामागे एमेट टिल आहे. शिकागोचा चौदा वर्षांचा काळा मुलगा, १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला होता. एका गोऱ्या बाईशी आगळीक केली, असा आळ ठेवून तिथल्या गोऱ्यांनी त्याला रात्री घरातून उचलून नेलं आणि हालहाल करून मारलं. आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाने पाहावं, म्हणून. हजारो माणसं येऊन पाहून गेली. मारेकरी निर्दोष सुटले.

यूइंग यांनी कवितेत त्याला मारलेलंच नाही. तो जगलाय, म्हातारा झालाय, आणि आठवड्याच्या बाजारहाटाला आलाय. ‘इट गोज’ मुळात त्या शब्दांसोबत वाजायची. अल्बममध्ये शब्द नाहीत. पियानो आहे, फार हळू, एकेक पट्टी हात ठेवून पाहिल्यासारखी. हा मुलगा जुलै १९४१ चा. मे २०२२ मध्ये स्टुडिओत ही रचना वाजली तेव्हा तो ऐंशी वर्षांचा असता. हे मनात ठेवून ती ऐका. मला तर दरवेळी फळं चाचपून पाहणारे सुरकुतलेले हात दिसतात.

तिच्यानंतर शेवटची रचना लगेच सुरू होते. जॉन स्टबलफील्ड आणि जेरी ॲलन यांच्या दोन रचना तिच्यात एकत्र गुंफल्या आहेत. जेरी ॲलन या पियानोवादक होत्या, डेट्रॉइटमध्ये वाढलेल्या. २०१७ साली, साठाव्या वर्षी गेल्या. स्वतः पियानो वाजवणाऱ्या या बाईंनी आपल्या रचनेला नाव दिलं ‘ड्रमर्स साँग’, ड्रम्सवाल्याचं गाणं. या तिघांनी ते आधीच्या ‘अनईझी’ या अल्बममध्येही वाजवलं होतं. इथे अय्यर यांचे दोन्ही हात ड्रम्ससारखे पट्ट्यांवर पडतात, खालून लिंडा ओ त्या आवर्तनाला धरून ठेवतात, आणि सोरी त्या दोघांच्या मधून चालायला लागतात.