साधनांइतकीच शिक्षकाला सोबत हवी



अध्ययन-तंत्रज्ञान ही संज्ञा केवळ संगणकापुरती किंवा प्रोजेक्टरपुरती नाही. पाठ, स्वाध्याय, चर्चा आणि मूल्यमापन एका जागी बांधणारी ‘मूडल’सारखी प्रणाली, ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरील अभ्यासक्रम हे सारे तिच्यात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या विनियमांद्वारे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली, मात्र त्यासाठी बदलावे लागणारे अध्यापन कोणाच्या मदतीने बदलायचे, हा प्रश्न बहुतांशी एकट्या प्राध्यापकावर सोडला गेला.

हा प्रश्न किती अवघड आहे, ते दरेकसा येथे दिसते. हे सालेकसा तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे गाव. येथील महाविद्यालयीन शिक्षण ज्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येते, त्याचे मुख्यालय रेल्वेने दीडशेहून अधिक किलोमीटरवर आहे. या पट्ट्यातील विद्यार्थी घरी गोंडी, छत्तीसगढी किंवा पोवारी बोलतो, वर्गात मराठी ऐकतो आणि पडद्यावर इंग्रजी वाचतो. त्याच्यासाठी एका तासाचे व्याख्यान दहा-दहा मिनिटांच्या भागांत तोडणे, प्रत्येक भागाअखेरीस प्रश्न बेतणे, चुकीच्या उत्तरावर द्यायचा खुलासा आधीच लिहून ठेवणे आणि फाइल साध्या मोबाइलवर, क्षीण नेटवर्कवरही उघडेल इतकी लहान करणे, हे काम दोन दिवसांच्या कार्यशाळेतून आणि तिच्या प्रमाणपत्रातून साधत नाही. त्यासाठी शिक्षकाच्या हाताशी जाणकाराचे साहाय्य लागते.

असे साहाय्य उभे राहू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरातील अभियांत्रिकी शिक्षकांसाठी कार्यशाळा झाल्या, तेव्हा प्रत्येक दूरस्थ केंद्राच्या समन्वयकाला आधी मुंबईत बोलावून तयार केले गेले. मुख्य व्याख्यान थेट प्रक्षेपणाने पोहोचले, तरी प्रात्यक्षिकाच्या वेळी अडलेल्या शिक्षकाशेजारी उभा राहणारा माणूस त्याच्याच केंद्रातला होता. योजनेचे खरे मर्म या माणसात होते, उपग्रहात किंवा इंटरनेटमध्ये नव्हे. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संहिता विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडून तपासून घेतली जाते आणि निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले जाते. शिकणाऱ्याने एका खिडकीत पाहावे आणि शेजारच्या खिडकीत लगेच करून पाहावे, अशी त्याची रचना आहे.

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत प्राध्यापकांनी ऑनलाइन अध्यापन अक्षरशः रातोरात स्वीकारले. त्यामुळे त्यांची इच्छा नाही, हा आक्षेप टिकत नाही. उणीव आहे ती वेळेची आणि हाताशी असणाऱ्या जाणकाराची. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मानधन घेतलेल्या तासांचेच मिळते, पाठ तयार करण्यात गेलेल्या रात्रींचे नाही. आणि ग्रामीण महाविद्यालयांत वर्ग चालतात ते मोठ्या प्रमाणावर याच अध्यापकांवर. त्यांना प्रशिक्षणातून वगळणारी कोणतीही योजना अन्यायाची तर आहेच, शिवाय निष्फळही आहे.

म्हणून विद्यापीठाला आणि संस्थाचालकांना आग्रहाची विनंती आहे, की डिजिटल पाठनिर्मितीचे तास कार्यभारात मोजावेत, तासिका अध्यापकांना त्या तासांचे मानधन द्यावे आणि शेजारच्या काही महाविद्यालयांमागे एक पूर्णवेळ अध्ययन-तंत्रज्ञान साहाय्यक नेमावा, जो दूरध्वनीवर सूचना देऊन थांबणार नाही, तर सालेकसा-देवरीपर्यंत स्वतः येऊन शिक्षकाशेजारी बसेल.