जुने यंत्र आणि नवे हौशी



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थशास्त्र आणि वेदान्त यांवर व्याख्याने होतात, तेथून पोराबाळांच्या खेळण्याविषयी काय सांगायचे, असे कोणालाही वाटेल. परंतु खेळणे हे आजचे निमित्त आहे. मला बोलावयाचे आहे ते एका विद्येविषयी. ती जन्मली, तिच्यावर पैसा झाला, मालकांनी ती टाकून दिली, आणि मग ज्यांना तिच्यापासून दमडीचाही लाभ नव्हता अशा काही हौशी माणसांनी ती जिवंत ठेवली. ती कशी, हे पाहण्यासारखे आहे.

१९९० नंतरच्या दशकात आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतून ज्या वस्तूला सरसकट ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, ती आपल्याला आठवत असेल. दूरचित्रवाणीच्या संचाला जोडायची एक पेटी आणि तिच्या खोबणीत बसवायची एक डबी. त्या डबीला मुले ‘कॅसेट’ म्हणत. त्या पेट्या बहुधा जपानच्या निन्टेण्डो कंपनीच्या यंत्राच्या नकला असत. त्या यंत्राच्या प्रक्रियकाचे मूळ १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या ६५०२ या प्रक्रियकात आहे. त्याच ६५०२ ची एक स्वस्त आवृत्ती, ६५०७, घेऊन कॅलिफोर्नियातील अटारी कंपनीने १९७७ साली आपले खेळयंत्र बाजारात आणले. पुढे ते ‘अटारी २६००’ या नावाने ओळखले गेले. आज बोलायचे आहे ते या यंत्राविषयी, आणि पुढे ज्यांनी त्याचा छंद घेतला त्यांच्याविषयी.

प्रथम यंत्राची गरिबी पाहू. त्याची काम करण्याची स्मृती अवघी १२८ बाइट होती. हा आकडा किती लहान आहे हे आपल्या भाषेतच मोजू. संगणकावर देवनागरी लिहिण्याची आज जी पद्धत सर्वत्र रूढ आहे, तिच्यात एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे त्या स्मृतीत जेमतेम ४२ चिन्हे मावतील. पोस्टकार्डावरचा पत्तासुद्धा तेथे पुरता बसायचा नाही! मूळ आराखड्यात डबीतील कार्यक्रमासाठी जास्तीत जास्त ४,०९६ बाइटांची सोय होती. पडद्यावर मात्र चित्र दिसायचे ते १६० ठिपके रुंद आणि १९२ ओळी उंच. हे ठिपके नुसते काळे-पांढरे धरले, तरी सबंध चित्र साठवायला ३,८४० बाइट हवेत. जवळ आहेत १२८, म्हणजे बरोबर तिसावा हिस्सा. आणि त्यातच गुण, उरलेले डाव, शत्रूंच्या जागा हे सारे लक्षात ठेवायचे!

मग चित्र दिसे कसे? आपल्या पंगतीचा दाखला घेतला म्हणजे हे ध्यानात येईल. श्रीमंत घरी पाने आधीच वाढून ठेवतात आणि मग मंडळी बसतात. मोठ्या स्मृतीचा संगणक असेच करतो. तो सबंध चित्र आधी स्मृतीत मांडून ठेवतो. आमच्या या गरीब यंत्राकडे वाढलेली पाने ठेवायला जागाच नाही. त्या काळच्या दूरचित्रवाणी संचात एक किरण डावीकडून उजवीकडे ओळ रेखीत जाई आणि एक ओळ झाली की खालच्या ओळीवर येई. हा किरण म्हणजे पंगतीतून भरभर चालत जाणारा यजमान समजा. तो ज्या पानासमोर येईल, त्या क्षणी त्या पानावर पदार्थ पडलेला पाहिजे. आधी वाढायला साधन नाही, आणि उशीर झाला तर यजमान पुढे निघून गेलेला! वाढप्याने सदैव त्याच्या किंचित पुढे राहायचे.

आणि यजमानाची चाल तरी केवढी! वाढपी एक पाऊल टाकतो तोवर तो तीन पाने ओलांडतो. एका सबंध ओळीला प्रक्रियकाला ७६ पावले मिळतात. साध्यातल्या साध्या आज्ञेला दोन पावले लागतात, काहींना पाच, सहा, सात. म्हणजे एका ओळीत वीस-पंचवीस आज्ञा झाल्या की वेळ संपला. अमेरिकन पद्धतीत एका चित्राच्या २६२ ओळी असतात आणि सेकंदाला सुमारे ६० चित्रे होतात. त्या २६२ पैकी १९२ ओळींत चित्र काढायचे. राहिलेल्या ७० ओळींच्या अवकाशात, किरण पडद्याबाहेर असताना, कोण कोणावर आदळले, गुण किती झाले, पुढे काय करायचे, हा सारा विचार उरकायचा.

चित्र काढणारी जी चकती या यंत्रात होती, तिला फक्त चालू ओळीपुरते कळे. मागच्या पार्श्वभूमीचे २० भाग, आठ-आठ ठिपक्यांच्या दोन आकृती, दोन गोळ्या आणि एक चेंडू, एवढीच तिची सामग्री. कारण यंत्र योजले होते ते मुख्यतः चेंडूफळी आणि रणगाड्यांची लढाई अशा खेळांसाठी. परंतु १९७९ साली याच यंत्रावर बुद्धिबळ आले. बुद्धिबळात एका रांगेत आठ मोहरे लागतात आणि यंत्राजवळ आकृती दोन! यंत्र एका आकृतीच्या दोन-तीन प्रती शेजारी काढू शकत असे, तरीही आठ पुरत नव्हते. तेव्हा निम्मे मोहरे एका ओळीत आणि निम्मे लगतच्या ओळीत, झडपांच्या पट्ट्यांसारखे, असे आळीपाळीने काढले गेले. पाहणाऱ्याचा डोळा मधल्या फटी क्षमा करतो. १९८२ साली डेव्हिड क्रेन यांनी ‘पिटफॉल’ हा खेळ रचला. त्यात अरण्याची २५५ दृश्ये आहेत. ती सारी साठवायला जागा कोठून आणणार? त्यांनी असा एक गणिती क्रम योजला की एका बाइटपासून पुढचा बाइट निघावा, आणि त्या बाइटच्या आठ खुणांवरूनच झाडे कोठे, खड्डा कसला, विंचू की खजिना, हे ठरावे. मागे वळले की तोच क्रम उलटा चालतो. अरण्य साठवलेले नव्हते. ते दर पावलाला नव्याने निपजत होते.

अशी कारागिरी करणाऱ्यांना मान काय मिळाला? अटारी कंपनी खेळावर रचनाकाराचे नाव घालीत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी आपल्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्यात आपले नाव लिहून ठेवले. एका ठिपक्याएवढी करडी वस्तू शोधून योग्य जागी नेली तरच ती खोली सापडे. आपल्याकडे पायरीच्या दगडावर नाव कोरून घेणारे भक्त असतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पायरीही त्यानेच घडवलेली होती. क्रेन आणि त्यांचे तीन सहकारी १९७९ मध्ये कंपनी सोडून गेले. त्यांनी इतरांसह ‘ॲक्टिव्हिजन’ ही नवी संस्था काढली आणि खेळाबरोबर रचनाकाराचे नाव देण्याची रीत पाडली.

पुढे अति झाले आणि माती झाली. येथे ही म्हण अक्षरशः खरी ठरली. बाजारात खेळांचा सुकाळ झाला, चांगल्यावाइटाचा धरबंध राहिला नाही, आणि १९८३ साली अमेरिकेतील हा धंदा कोसळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न विकला गेलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील ॲलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरला गेला. २०१४ च्या एप्रिलात ती जागा खणली तेव्हा डब्या खरोखरच बाहेर आल्या. १९९२ च्या आरंभी यंत्राचे उत्पादनही अधिकृतपणे थांबले.

डब्या खणून काढता येतात. पण किरणाच्या पुढे धावण्याची विद्या कोठून खणायची? ती कंपनीच्या कपाटात आणि थोड्या माणसांच्या डोक्यात होती. ती माणसे इतर उद्योगांना लागली. यंत्राच्या चित्र काढणाऱ्या चकतीचे शिल्पकार जे मायनर १९९४ साली वारले. धंद्याचे गुपित म्हणून जे राखले जाते, ते धंदा बुडाला म्हणजे बहुधा त्याच्याबरोबरच बुडते.

ते बुडाले नाही याचे श्रेय हौशी मंडळींचे. त्यांत कोणी नोकरदार होते, कोणी विद्यार्थी, आणि निरनिराळ्या देशांत विखुरलेले. प्रोग्रामरांसाठी स्टीव्ह राइट यांनी १९७९ साली लिहिलेली एक मार्गदर्शिका होती. तिच्या प्रती या मंडळींनी हस्ते-परहस्ते फिरवल्या. जुन्या डब्यांतील आकडे वाचून त्यांचा आज्ञाक्रम उलगडला, आणि ओळीओळीला टीप लिहून तो इतरांपुढे ठेवला. आपल्याकडे एखाद्या दुर्बोध पोथीवर टीका लिहितात, तसेच हे काम. ब्रॅडफर्ड मॉट यांनी १९९६ च्या सुमारास ‘स्टेला’ हा कार्यक्रम रचला. तो साध्या संगणकाला त्या जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घ्यायला लावतो. तो सर्वांना मोफत तर दिलाच, शिवाय त्याची अंतर्रचनाही उघडी ठेवली. जुने यंत्र जवळ नसलेल्यालाही त्यामुळे अभ्यासाची वाट मोकळी झाली.

१९९५ साली एड फेडरमायर यांनी या यंत्रासाठी ‘एडट्रिस’ नावाचा नवा खेळ रचला. यंत्र बाजारातून गेल्यानंतर नवा खेळ! मग ओघ सुरू झाला. २००० साली जर्मनीतील थॉमस येंच यांचा ‘थ्रस्ट’ आला. यंत्रभाषेच्या भीतीने मागे राहणाऱ्यांसाठी फ्रेड क्विम्बी यांनी ‘बटारी बेसिक’ ही सोपी भाषा करून दिली. २००९ मध्ये निक माँटफर्ट आणि इयन बोगोस्ट या दोन अभ्यासकांनी या यंत्रावर ग्रंथ लिहिला. तो वाचून मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या खेळविभागाचे माजी प्रमुख एड फ्राइज यांना उमेद आली आणि २०१० साली त्यांनी ‘हेलो २६००’ हा खेळ ४,०९६ बाइटांत बसवला. ज्यांच्या हाताखाली मोठमोठ्या यंत्रांचे खेळ झाले, ते गृहस्थ हौसेने एकेक बाइट वाचवीत बसले! तो खेळ २०१३ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला.

या मंडळींचा परस्परव्यवहार कसा चालतो, ते सांगतो. एखादा नवशिका लिहितो की माझे चित्र थरथरते. जाणता त्याचा आज्ञाक्रम पाहतो, बोटांवर पावले मोजतो आणि सांगतो, ‘या ओळीत तुझी ७८ पावले होतात, ७६ च हवीत, ही आज्ञा वर ने, हा आकडा आधीच उचलून ठेव.’ येथे वशिला चालत नाही, वक्तृत्वही चालत नाही. पावले ७६ भरली तर चित्र स्थिर, नाही तर नाही. आणि सांगणारा आपली युक्ती लपवून ठेवीत नाही, कारण ती कोणीतरी त्यालाही अशीच सांगितलेली असते.

आपल्यापैकी एखादे वडीलधारे विचारतील, ‘अहो, पण याचा उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे. या खेळांच्या डब्या थोड्याच विकल्या जातात, आणि त्यावर कोणाचा संसार चालेल असे मला वाटत नाही. वेळही अमाप जातो. माझे उत्तर एवढेच आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात एक संगणक आहे. पण त्याच्या पोटात काय चालते हे पूर्णपणे जाणणारा एकही माणूस जगात सापडणार नाही, इतका तो गुंतागुंतीचा झाला आहे. आपण त्याचे मालक म्हणवतो, पण खरे तर त्याचे आश्रित आहोत. १२८ बाइटांचे ते यंत्र मात्र एका माणसाच्या बुद्धीत सबंध मावते. त्यात काय घडते आणि का घडते, हे शेवटच्या पावलापर्यंत समजू शकते. एखादी गोष्ट पुरती समजणे म्हणजे काय, याचा अनुभव ज्याने एकदा घेतला, तो पुढे अर्धवट समजुतीवर संतुष्ट राहत नाही. हा लाभ मला लहान वाटत नाही.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांना लागू आहे. मालकाने माल पुरला, पण विद्या राखली ती वाटून घेणाऱ्यांनी. २०२३ साली अटारी हेच नाव धारण करणाऱ्या कंपनीने जुन्या डब्या चालवणारे नवे यंत्र विक्रीला काढले. मधल्या तीस वर्षांत हौशी मंडळींनी ही आवड आणि हे ज्ञान तेवत ठेवले नसते, तर त्या यंत्राला गिऱ्हाईक कोठून मिळाले असते?

आपल्या गावातही अशा विद्या आहेत. हातमागाची बांधणी जाणणारा, जुन्या छापखान्यात खिळे जुळवलेला, घड्याळाची कमान बदलणारा कोणी ना कोणी आपल्या गल्लीत राहत असेल. त्याचे गिऱ्हाईक गेले म्हणजे त्याचे ज्ञानही निरुपयोगी झाले, असे आपण धरून चालतो. तसे धरू नये. त्याच्यापाशी जाऊन बसावे, विचारावे, लिहून घ्यावे आणि लिहिलेले चारचौघांत वाटावे. त्यातून पैसा मिळेल असे आश्वासन मी देत नाही. परंतु जी विद्या चार जणांच्या हाती गेली, ती एका उकिरड्यात पुरता येत नाही, एवढे या हौशी मंडळींनी दाखवून दिले आहे.