सारा घेणारा राजा नव्हे
(मिरजोळे, जि. रत्नागिरी येथील व्याख्यानाचा संपादित अंश)


कोकणी माणसाला खोती समजावून सांगावी लागत नाही. खोत सारा गोळा करी, सरकारात भरी. तेवढ्याने तो राजा ठरत नसे. हाच भेद एकदा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कळीचा ठरला.

१७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी पोर्तुगिजांना दमण प्रांतातील बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे लावून देण्याचे मान्य केले. तीच पुढे दादरा व नगरहवेली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही त्या मोहिमेतील मंडळी. भारताने वाट अडविली म्हणून पोर्तुगाल १९५५ मध्ये न्यायालयात गेला.

१२ एप्रिल १९६० चा निकाल मुळातून वाचावा असा आहे. मराठ्यांनी दिला तो केवळ महसूल, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयाने स्वीकारले. मात्र मराठ्यांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगिजांचे स्वामित्व मानले आणि स्वतंत्र भारतानेही ते मौनाने पुढे चालू दिले, असे निकालपत्र सांगते. सनदेने जे दिले नव्हते, ते मौनाने दिले! सशस्त्र सैन्याला भारतातून वाट मिळण्याचा हक्क नाकारला गेला, तोही ८ विरुद्ध ७ मतांनी.

वादग्रस्त भूमीत माणसे नेऊन बसविल्याने हक्क सिद्ध होत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९ वे कलम व्याप्त प्रदेशात स्वतःची प्रजा वसविण्यास मनाई करते. पश्चिम किनाऱ्यावर जॉर्डनचे वैध स्वामित्व नव्हतेच, हा इस्रायलचा युक्तिवाद तर्काला धरून वाटतो. तरी २००४ च्या सल्लागार मतात न्यायालयाने तो मानला नाही. मात्र वसाहतीपुढे मूळ मालक गप्प राहिला, तर काय होते, ते दादऱ्याने दाखविले आहे.

म्हणूनच काश्मीरबाबतचा प्रत्येक निषेध मोलाचा. १९६३ मध्ये पाकिस्तानने शक्सगाम खोरे चीनला दिले. त्या कराराच्या ६ व्या कलमात काश्मीर प्रश्न सुटल्यावर तेथील सार्वभौम सत्तेशी चीनने पुन्हा बोलणी करावीत, असे नमूद आहे. हा हक्क कच्चा असल्याची पाकिस्तानच्या सहीची कबुलीच ती! २२ फेब्रुवारी १९९४ ला संसदेने पाकव्याप्त प्रदेश रिकामा करण्याची मागणी एकमताने केली, आणि शक्सगाममधील चिनी बांधकामांवर २०२४ मध्येही दिल्लीने निषेध नोंदविला.