रस्ता रिकामा का दिसतो?

काळबादेवी, गिरगाव, भुलेश्वर या भागांचे जुने फोटो आता दिनदर्शिकांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि मोबाइलवर सर्रास दिसतात. ते पाहून हमखास उद्गार निघतो, ‘काय शांत होती हो तेव्हाची मुंबई!’ ही शांतता मुंबईची नव्हे, कॅमेऱ्यातल्या काचेची आहे. १८५०-६०च्या दशकांत ओल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. उभी घरं ठसठशीत उमटत. चालता हमाल, धावती गाडी यांचा नुसता धूसर पट्टा राही, कधी तेवढाही नाही. १८६४च्या शिरगणतीत याच शहरात ८,१६,५६२ माणसं मोजली गेली होती. कापसाच्या तेजीनं शहर तुडुंब भरलं होतं. म्हणून माझा मुद्दा असा की, जुना फोटो ही आठवण नाही, तो पुरावा आहे. आणि पुराव्याची उलटतपासणी करावी लागते.

पहिला प्रश्न, फोटो कुणी काढला आणि कशासाठी? सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि कॅप्टन मॉस यांनी तिच्या कामाचे फोटो घेतले. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंती, उजेड आत यावा म्हणून कौलं काढलेली छपरं, दाराशी उभं तपासणी पथक, हे सगळं त्यांत आहे. दाट वस्तीतल्या कामकरी माणसांच्या घरांची दृश्यं आज आपल्याला दिसतात, त्यांतली पुष्कळशी अशा सरकारी मोहिमेमुळे. घर तिथे संशयित म्हणून उभं आहे. त्यातलं माणूस बहुधा बिननावाचं, अधिकारी मात्र ओळखता येतो. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्यानं दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, आणि उठवलेल्यांपैकी पुष्कळजण शेजारच्या, आधीच खचाखच भरलेल्या चाळींत शिरले. रुंद रस्त्याचा देखणा फोटो सहज मिळतो. शेजारच्या खोलीत वाढलेली गर्दी त्यात येत नाही.

कुणी म्हणेल, फोटो इतके एकांगी असतील तर ते जपायचे कशाला? जपायचे, कारण काढणाऱ्याच्या मनात नसलेलंही कॅमेरा टिपतो. त्याला इमारतीचा दर्शनी भाग हवा असतो. कडेला दुकानाची पाटी येते, गॅलरीत वाळत घातलेली लुगडी येतात. रस्त्यात ट्रामचे रूळ आणि घोडे दिसले तर फोटो १८७४ किंवा नंतरचा. वर ट्रामची विजेची तार दिसली तर १९०७ किंवा नंतरचा. ट्राम धावताना दिसली तर ३१ मार्च १९६४च्या आतला, कारण त्या दिवशी मुंबईतली शेवटची ट्राम धावली. खाली छापलेल्या सालापेक्षा मी अशा तारेवर जास्त विश्वास ठेवीन. समाजमाध्यमांवरच्या ‘शंभर वर्षांपूर्वीची मुंबई’ छापाच्या मथळ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या वस्तीचं कौतुक करणारे स्वतः तिथे राहत नाहीत. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या, मजल्यावरच्या सामायिक संडासापुढे रांग लावलेल्या कुटुंबाला नवं घर हवं असेल, तर फोटो दाखवून त्याला अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण लक्षपूर्वक पाहिलेला फोटो पुनर्विकासाच्या आड येत नाही. उलट, भाबड्या हळहळीचा तोच उतारा आहे. चाळीचा देखणा जिना दाखवणाराच फोटो कोपऱ्यातलं पाण्याचं पिंपही दाखवतो. अडचण निराळीच आहे. सरकारी फोटो अभिलेखागारात निदान टिकतात. घरातले फोटो, बारशाचे, गणपतीपुढचे, गिरणीच्या गेटवरचे, स्थलांतराच्या धांदलीत रद्दीत जातात. चाळ आतून कशी होती हे नेमकं त्यांतच असतं.

म्हणून या सभागृहातल्या, आणि विशेषतः लवकरच घर बदलणाऱ्या मंडळींना एक विनंती करतो. सामान बांधण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन बसा आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा: कोण, कुठली चाळ, कितवा मजला, कुठलं साल, आणि कॅमेरा कुणाच्या हातात होता.