दारूची केस आणि अँब्युलन्सची नोकरी

आजचा भाग फॉर्ममधल्या एका रकान्यावर आहे. "तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? होय / नाही." बस, एवढाच.

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. पोरानं बारावीनंतर ईएमटीचा कोर्स केला. ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. अपघात झाला, बाळंतीण अडली, साप चावला, तर दवाखान्यात पोचेपर्यंत पेशंट सांभाळणारा माणूस. आता एका दवाखान्याच्या अँब्युलन्सवर जागा निघाली होती. म्हणाला, "भाऊ, त्या रकान्यात 'नाही' लिहून टाकू का? कोणाला काय समजते?"

गोष्ट अशी. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. गडचिरोलीत तर १९९३ पासून आहे. बंदीच्या काळात आमच्याकडच्या किती पोरांनी बाइकवर पोती वाहिली, हे तुम्हालाही माहीत आहे. माल दुसऱ्याचा, गाडी दुसऱ्याची, आणि नाव मात्र पोराचं. हा एकोणीस वर्षांचा असताना नाकाबंदीत सापडला. दारूबंदी कायद्याची केस लागली. कोर्टात कबुली दिली, दंड भरला, घरी आला. त्याला वाटलं, मिटलं.

२०२१ मध्ये सरकारनं चंद्रपूरची बंदी उठवली. तेव्हा तर त्याची खात्रीच झाली की आता जुन्या केसला अर्थ नाही. इथेच पोरं फसतात. बंदी उठली म्हणून जुने गुन्हे आपोआप पुसले जात नाहीत. आणि दुसरं, कोर्टात कबुली देऊन दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं. जेलमध्ये गेलो नाही म्हणजे शिक्षा झाली नाही, असं नसतं. दंड हीसुद्धा शिक्षाच.

जंगलातल्या केसचंही ऐका. वन विभाग काही गुन्ह्यांत रक्कम घेऊन तडजोड करतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६८ मध्ये तशी सोय आहे. तसं झालं असेल तर पुढे खटला चालत नाही. म्हणजे वन विभागाकडे भरलेली तडजोडीची रक्कम आणि कोर्टात कबुलीनंतर भरलेला दंड, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. पावती नीट बघा, कोणाची आहे ती.

मग केस असली की ईएमटी होता येतच नाही का? तसं नाही. अमेरिकेत ईएमटीला राज्याचा परवाना लागतो आणि गुन्ह्यांची चौकशी तिथे परवान्याच्या वेळीच होते. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात हा पेशा आला आहे. पण पोरांची गाडी प्रत्यक्षात अडते ती नोकरीच्या वेळी, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत. मालकाला वाटणारी भीतीही समजून घ्या. पेशंट बेशुद्ध असतो, अंगावर दागिने असतात, खिशात पैसे असतात, गाडीत औषधं असतात. त्यामुळे चोरी, मारहाण, बाईची छेड, नशेची औषधं अशी केस असेल तर प्रश्न विचारले जाणारच.

आता सर्वात महत्त्वाचं. २१ जुलै २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग खटल्यात निकाल दिला. सरकारी नोकरीसाठी तो आजही वाटाड्या आहे. त्याचा सार माझ्या शब्दांत सांगतो. अटक, चालू केस, सुटका, शिक्षा, जे विचारलंय त्याची माहिती खरी द्या. कमी वयातला किरकोळ गुन्हा लपवला गेला तरी मालक तो माफ करू शकतो. पण गुन्हा किरकोळ नसेल तर नेमणूक रद्द होऊ शकते. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच, असंही नाही. मालकाला विचार करायचा हक्क राहतो. आणि फॉर्ममध्ये जे नेमकं विचारलंच नाही, ते न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. म्हणून प्रश्न दोनदा वाचा. "शिक्षा झाली का?" आणि "गुन्हा दाखल झाला का?" हे वेगळे प्रश्न आहेत.

दोन सवलती लक्षात ठेवा. गुन्हा घडला तेव्हा वय अठराच्या आत असेल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ बहुतेक प्रकरणांत अपात्रता लागू देत नाही. आणि कोर्टानं १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे प्रोबेशनवर सोडलं असेल, तर त्याचं कलम १२ दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता काढतं.

करायचं काय? मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप घ्या, आपली केस शोधा. चालू आहे की निकाली, ते बघा. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

मावसभावानं शेवटी "होय" लिहिलं. कोर्टाची नक्कल जोडली, सोबत अर्धं पान लिहिलं, वय काय होतं, काय घडलं, त्यानंतर एकही केस नाही. मुलाखत झाली. उत्तर अजून आलेलं नाही. काल मी विचारलं, पस्तावला का? म्हणाला, "नाही भाऊ. 'नाही' लिहिलं असतं तर गाडीत बसून रोज पोलिसांची वाट पाहिली असती."

भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा चढली की रस्ता बंद होतो. तिथे आजही पेशंट खाटेवरून आणावा लागतो. तो रस्ता, ती भाषा, ती माणसं ओळखणारी पोरं आपल्याला गाडीवर हवी आहेत. एका जुन्या पोत्यापायी ती घरी बसू नयेत. आणि खोटं लिहून नोकरी गमावून तर मुळीच बसू नयेत.

फॉर्म भरायचा असलेला एखादा मित्र असेल, तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.