गर्भाशयमुखाचा दाह : वयोगटानुसार विचार



जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. आढळलेल्या विकारांत जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा वाटा निम्मा होता. काहीच तक्रार न सांगणाऱ्या स्त्रियाही त्यात होत्या, ही बाब अधिक विचार करायला लावणारी आहे. अंगावरून पांढरे जाणे हा बाईच्या जन्माचा भोगच, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही अजून गेलेली नाही.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा योनीत उतरणारा निमुळता भाग; बोलीभाषेत ‘पिशवीचे तोंड’. येथे दाह झाला की पिवळसर स्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणे, संबंधानंतर रक्तस्राव, ही लक्षणे दिसतात; पुष्कळदा काहीच दिसत नाही. क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास, हर्पिस ही संसर्गाची प्रमुख कारणे. सुगंधी द्रव्ये वा तीव्र औषधी पाण्याने आत धुण्याच्या सवयीनेही दाह होतो. अतिस्वच्छतेचा हा अट्टहास सोडलेलाच बरा.

किशोरवयात व विशीत गर्भाशयमुखाच्या आतील नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूस आलेले असते. ते लालसर दिसते, पण ती जखम नव्हे. गरोदरपणी व गर्भनिरोधक गोळ्या घेतानाही तसे दिसते आणि एरवी उपचारांची गरज नसते. मात्र या अस्तरात जंतूंचा शिरकाव सहज होतो. म्हणूनच लहान वयात लग्न झालेल्या मुलींना धोका अधिक. संसर्ग वर चढला तर गर्भनलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते, आणि दोष मात्र सुनेच्या माथी मारला जातो! प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यांनाही काही जंतूंची बाधा होते. बहुतेक जंतुसंसर्ग प्रतिजैविकांनी बरे होतात. परंतु लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असेल तर पतीनेही औषध घ्यावे लागते. पत्नीने एकटीने घेतलेले औषध अशा वेळी वाया जाते.

तिशी-चाळिशीतील स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळेच संकट उभे राहते. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल,’ असे भय घालून गर्भाशयच काढण्याचे प्रकार घडले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. शासकीय समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. निव्वळ दाहासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया करण्याचे कारण नाही. तसा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन घटते, अस्तर पातळ व कोरडे होते, आग होते. त्यावर स्थानिक मलमाचा उपयोग होतो. पण या वयात रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी ‘पाळी परत आली’ म्हणून सोडून देऊ नये. तपासणी त्याच आठवड्यात व्हावी.

कर्करोगाचे कारण मात्र मुख्यतः एचपीव्ही हा विषाणू आहे. त्याच्या १६ व १८ या प्रकारांमुळे सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख-कर्करोग होतात. मुलींना वयाच्या ९ ते १४ वर्षांत लस देता येते. पुण्यात तयार झालेली भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. मोठ्या स्त्रियांसाठी चाचणी आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एचपीव्हीची चाचणी एकदाच देऊ केली होती, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या स्त्रिया खेड्यापाड्यांतल्या होत्या आणि बोलावल्यावर त्यांतील बहुसंख्य तपासणीस आल्या.